वरून दार दिसत नाही

सरजाबाईंविषयी काही सांगावं एवढी त्यांची माहिती किशनरावांना नव्हती. त्यांचं माहेर कुठलं, लिहिता-वाचता येत होतं का, नवरा गेल्यावर त्या कुणाजवळ रडल्या का, काहीच ठाऊक नव्हतं. वालूरला दोघांची घरं शेजारी. मध्ये डोक्यावर भारा घेतलेलं एक माणूस जाईल एवढी बोळ. सरजाबाईंच्या घराला एकच दार आणि ते ह्या बोळीत उघडायचं. येता-जाता त्या विचारायच्या, "हाव का घरात?" किशनराव आतून म्हणायचे, "हाव." बोलणं तेवढंच.

मग एकदा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारलं की गावठाणाची मोजणी ड्रोननं होणार. ज्यानं त्यानं आपली हद्द चुन्यानं आखून ठेवायची. वरून फोटो निघणार, फोटोवरून नकाशा आणि नकाशावरून मालकीचा कागद.

किशनरावांचा मुलगा सिद्धोधन सकाळीच चुन्याची पाटी घेऊन निघाला. त्यानं रेघ नेऊन थेट सरजाबाईंच्या भिंतीला टेकवली. अख्खी बोळ आत.

"काकू, येऊ-जाऊ देऊच की तुमाला. कोण अडवायलंय?"

"तू न्हाई रे अडवायचा. उद्या तुझी पोरं?"

सिद्धोधन हसला आणि हात झटकून आत गेला. किशनरावांनी खिडकीतून सगळं पाहिलं. बोलावंसं वाटलं, पण पोराशी वाद घालायची त्यांना कधी सवयच नव्हती.

मोजणीवाला पोरगेलासा होता. सरजाबाईंनी त्याला गाठलं.

"साहेब, ह्याला वरून दार दिसतं का हो?"

"न्हाई मावशी. छपरं दिसतात, रेघा दिसतात."

"आन् माणूस?"

"उघड्यावर असलं तर दिसतं."

"येणं-जाणं?"

"त्याचा फोटो कसा निघंल?"

"मग एवढं उंच जाऊन आंधळंच की मेलं!"

तो हसत पुढं गेला. सरजाबाई घरात गेल्या, सूप घेऊन आल्या आणि बोळीच्या मधोमध तूर निवडत बसल्या. माशीसारखं गुणगुणत ते यंत्र डोक्यावरून गेलं. त्यांनी मान काही वर केली नाही. खिडकीतल्या किशनरावांना मात्र राहून राहून वाटत होतं, ह्या बाईनं नेमकं काय ताडलं असेल?

पुढे काही महिन्यांनी चौकशीचे साहेब नकाशा घेऊन आले. किशनरावांच्या ओट्यावर तो पसरला, शेजारी फोटो ठेवला. बोळीत एक पांढरा ठिपका होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

सरजाबाई वाकल्या. "मी हाव की ती! अगं बया, लयच पांढरं झालंय डोस्कं!"

साहेबसुद्धा हसले. मग त्यांनी पेन उघडलं. "बोळ ह्यांच्या रेघेत आहे. ती ह्यांचीच धरायची का?"

"आमचीच हाय, साहेब," सिद्धोधन म्हणाला. "बाबा, सांगा ना."

सरजाबाईंनी किशनरावांकडे पाहिलं. किशनराव नकाशाजवळ सरकले. चारचौघांत बोलणं त्यांना कधी जमायचं नाही.

"वहिवाट हाय," ते कसंबसं म्हणाले. "ह्यांची. मला कळतंय तवापासून."

"तसा जबाब द्याल?"

"देतो."

"बाबा!" सिद्धोधन ओरडला.

"तुला लहानपणी त्याच दारातून भाकरी आणून खाऊ घालायची रे ती," किशनराव म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांनी पोरासमोर बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

साहेबांनी रेघ खोडून बोळीत 'वाट' असं लिहिलं. सिद्धोधन त्या दिवशी बापाबरोबर जेवायला बसला नाही. सरजाबाईंनी आभारबिभार मानले नाहीत. त्या बोळीतून आपल्या घरात गेल्या.

किशनरावांना वाटायचं, आता निवांत बसून त्यांना माहेर तरी विचारावं. ते राहूनच गेलं. सरजाबाई पाथरीला लेकीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. निघाल्या त्या दिवशी हातात पिशवी घेऊन त्या बोळीतून बाहेर आल्या. किशनराव ओट्यावरच होते.

"किशनभाऊ, पाथरीची गाडी गेली का?"

"आत्ताच गेली की."

"जाऊ द्या. दुसरीनं जाते."