नखावरची लाली

वजनाचा काटा हलेना, म्हणून मी चालणं सोडून समता कॉलनीच्या बगिच्यात नुसता बाकावर बसायचो. माझ्याहून जाड एक गृहस्थ मात्र रोज फेऱ्या मारत. पंडरीच्या कापडबाजारात त्यांचं दुकान होतं. प्रत्येक फेरीनंतर ते अंगठ्याचं नख दाबून सोडायचे आणि लाली परतताना बघायचे.

"वजन उतरलं का, भैया?" एकदा मी विचारलं.

"नाही. पण डॉक्टर म्हणे, चालल्यानं बारीक रक्तनळ्या सुधरून राहिल्या. पहिले बोटं थंडगार राहत, कपडा हाताले समजत नव्हता."

शुद्ध सुती म्हणून घेतलेल्या माझ्या कुर्त्याची बाही त्यांनी चिमटीत धरली, डोळे मिटले.

"यात पॉलिस्टर हाये," म्हणाले आणि पुढच्या फेरीला लागले.

लेबल बघायची गरज नव्हती. मी बाकावरून उठलो.