तात्यांच्या डुकरिणीचं बाळंतपण

माझ्या बहिणीचे सासरे, म्हणजे आमचे तात्या, यांच्याइतका डुकरांचा मान राखणारा माणूस वडूजच काय, अख्ख्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही. फौजेतून निवृत्त झालेली माणसं ऊस लावतात, सरपंचकीला उभी राहतात. तात्यांनी माळावर पत्र्याची शेड ठोकून डुकरं पाळली. भावकीनं नाकं मुरडली, तात्यांना त्याचं काहीच नाही. शेडजवळ कुणी मोठ्यानं हसलं तरी दटावत, "हळू रं गड्या, गाभण हाय ती." डुकराला घाम फुटत नाही, हे ते पाहुण्याला चहाआधी सांगत आणि पाहुणा कपाळ पुसू लागला की त्याच्याकडे हेव्यानं बघत.

पण तात्यांनी धसका घेतला होता. मागल्या उन्हाळ्यात डुकरिणी माजावरच येईनात, आणि जी एक गाभण राहिली तिची सगळी पिल्लं मेलेली जन्मली. "उनानं आतल्या आत शिजली," म्हणाले, आणि कितीतरी दिवस धड जेवले नाहीत. यंदाही तसंच झालं तर शेड मोडायची, असं त्यांनी मुलाला कबूल केलं होतं.

आणि नेमकी ऐन मे महिन्यात, नातीच्या लग्नादिवशीच, यंदाची गाभण डुकरीण धापा टाकू लागली. इकडे मांडवातला भाड्याचा कूलर गायब. वरपक्ष घामानं निथळत होता. मी तडक शेडवर गेलो. कूलर घरघरत होता आणि तात्या आपला कोरा फेटा भिजवून डुकरिणीच्या मानेवर दाबत बसले होते. मागोमाग त्यांच्या पत्नी आल्या.

"आवं, नातीवर अक्षता कोन टाकनार?"

"तिला समदा गाव हाय. हिला कोन हाय?"

त्यांनी कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि त्या मांडवात परतल्या.

मुलीचा मामा म्हणून मी भाचीच्या पाठीशी उभा राहिलो खरा, पण लक्ष सगळं शेडकडे. अक्षता पडताच पळालो. पहिलं पिल्लू नुकतंच आलं होतं आणि हलत नव्हतं. तात्यांनी त्याचं तोंड पुसलं, छाती चोळली, चोळतच राहिले. अखेर ते चिरकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मग एकेक करत सगळी आली, सगळी जिवंत. डुकरांसाठी आपण इतके खूश होऊ, असं मला कधी वाटलं नव्हतं.

सासरी निघताना भाचीनं गाडी शेडवर आणायला लावली आणि शालूनिशी आत आली.

"जगली का, तात्या?"

"समदी."

मग दोघंही रडली. गाडी दिसेनाशी झाल्यावर तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्षता टाकायच्या राहिल्या रं."