पाण्याच्या तळाशी बसलेलं तीर्थ

केवड्याचा वास आला की तो दिवस अजूनही माझ्या अंगावर येतो. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मी अमडापूर भागात फौजदार होतो.

सकाळची हजेरी आटोपत होती. एवढ्यात एक लेकुरवाळी बाई धापा टाकत ठाण्यात आली.

"साहेब, माह्या बापाले अडवा! थो मायले आणाले जाऊन राह्यला."

"कुठं आहे तुझी आई?"

"मेली, साहेब."

शिवारातल्या पडक्या देवळात एक बाबा राहायचा. मेलेल्या माणसांची भेट घडवतो, अशी त्याची ख्याती होती. विहिरीत बुडालेल्या मुलाला भेटायला हिची आई तिथं गेली, ती उठलीच नाही. ती पोराजवळच राहिली, असं बाबानं सांगितलं. घरच्यांनी ते मानलं आणि तक्रार न करता दहन उरकलं.

हवालदाराला घेऊन मी निघालो. देवळात उदाचा धूर आणि केवड्याचा वास कोंडला होता. दहा-बारा माणसं भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट बघत होती. मध्ये चटईवर म्हातारा पडला होता, तोंडावर ओलं फडकं, उशाशी बाबा. मी ते ओढून काढलं, त्याला उघड्यावर आणलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"काऊन उठवलं मले? थे उंबऱ्यातच उभी होती."

पंचनाम्यात एक बाटली जप्त केली. बाबा म्हणाला, "देवीच्या झऱ्याचं पाणी आहे, केवडा टाकलेलं." चौकशीत तो यापुढे सरकेना. प्रेत जळून गेलेलं. पुरावा म्हणून हातात फक्त ती बाटली होती. पण ती उचलताना मला जड लागली होती.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक कुपी खुणेपर्यंत पाण्यानं भरून तोलली. मग कोरडी करून त्याच खुणेपर्यंत हा द्रव भरला. कुपीचं वजन वजा केल्यावर तो पाण्याच्या जवळजवळ दीडपट भरला.

"पाणी नाही, दारूही नाही," डॉक्टर म्हणाले. "ईथर असतं तर हलकं भरलं असतं. हे क्लोरोफॉर्म दिसतंय, भुलीचं औषध. जास्त झालं तर माणूस उठत नाही."

नमुना रासायनिक विश्लेषकाकडे पाठवला, पण अहवालाची वाट न पाहता मी बाबासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि त्यात बाटलीतले चार थेंब टाकले. ते मण्यांसारखे तळाशी जाऊन बसले.

"तुमचं पाणी पाण्यात मिसळत का नाही?"

तो पेल्याकडे बघत राहिला, मग त्यानं कबुली दिली. पूर्वी तो इस्पितळात वॉर्डबॉय होता. बाटल्या तिथूनच चोरलेल्या. पुढं अहवालातही क्लोरोफॉर्मच निघालं. बाबाला शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी म्हातारा कोर्टाबाहेर मला भेटला. लेकीनं त्याचा हात घट्ट धरला होता.

"थे औषध होतं, समजलं मले," तो म्हणाला. "पण साहेब, थे दिसली, त्याचं काय?"

त्यानंतर फसवणुकीची फिर्याद घेताना, फसलेला माणूस तिथं कशाच्या ओढीनं गेला होता, हे मी आधी विचारू लागलो.