उत्तर काढायला यंत्र आहे

आमच्या मेहुण्याइतकं गणित येणारा आणि तरीही गणितातच नापास होणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. हे मोजून काढलेलं नाही, पण माझी खात्री आहे.

हिचा हा धाकटा भाऊ दारव्ह्याहून बी.एस्सी.साठी आमच्याकडे राहायला आला, तेव्हा बरोबर एक वळकटी आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. कात्रणात गणकयंत्राचं चित्र होतं: कपाटांची रांग आणि पुढे एक चष्मेवाला. ह्या यंत्राची पदवी कुठे मिळते, असं त्याने विद्यापीठाला पत्र लिहून विचारलं होतं. तिकडून नेहमीचा छापील अर्ज आला. मग त्याने नावाला गणित घेतलं आणि न निघालेल्या पदवीचा अभ्यास सुरू केला. यंत्राला अक्कल नसते, त्याला एकेक पायरी लिहून द्यावी लागते, एवढं त्याला कुठूनसं कळलं होतं. तेवढ्यावर तो घरातल्या प्रत्येक कामाच्या पायऱ्या लिहू लागला. हिला त्याने वरणाच्या आठ ओळी लिहून दिल्या. सहावी ओळ, चाखा. सातवी, अळणी असल्यास चिमूटभर मीठ घालून सहाव्या ओळीवर परत जा. पाणी घालायची ओळ राहून गेली होती. हिने मुद्दाम अक्षर न अक्षर पाळलं. डाळ जळाली, पातेलं काळं झालं, मी कोरडी भाकरी खाल्ली, आणि हा मात्र हरखून गेला. "ताई, तू तं अस्सल यंत्र हायेस."

परीक्षेतही तेच. समीकरणाचं उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत काढा म्हटलं, की हा पायऱ्या लिहायचा आणि उत्तराची जागा कोरी सोडायचा. असा दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा झालास तर कापडाच्या दुकानात हाती गज देईन, असा सासऱ्यांचा निरोप आला. मी भूमापन कचेरीतला माणूस. पडताळल्याशिवाय बोलत नाही. त्याच्याकडून एक उत्तर घरी पुन्हा लिहून घेतलं. एकेचाळीस ओळी होत्या. एका रविवारी पेन्सिल घेऊन त्या ओळींबरहुकूम चाललो. एक तास दहा मिनिटं लागली. उत्तर चारही स्थळांपर्यंत बरोबर आलं.

मी त्याला म्हटलं, "अरे, शेवटी नुसता आकडा लिही."

"रीत बरोबर हाये नं, भाऊजी? आकडा काढाले यंत्र हाये. मी कायले काढू?"

"कुठे आहे यंत्र?"

"येऊन राह्यलं," तो म्हणाला, जणू कळंबहून मोटार यायची होती.

"परीक्षा अठरा दिवसांवर आहे. त्याआधी येतंय?"

त्याने कात्रणाची घडी घातली. मग म्हणाला, "नाही येत."

त्या वर्षी त्याने नुसते आकडे लिहिले. शंभरात एकाहत्तर गुण पडले, आणि सासऱ्यांनी दारव्ह्यात पेढे वाटले. आता तो पांढरकवड्याला शिक्षक आहे. पोरांनी उत्तर लिहिलं नाही की गुण कापतो म्हणे. ते कात्रण कुठे गेलं, हे त्याला विचारायचा मला धीर झालेला नाही.

दिवाळीला आला होता. हिने मुद्दामच विचारलं, वरणात मीठ किती घालू रे? "अंदाजानं टाक नं, ताई," म्हणाला आणि पेपर वाचत बसला.

त्या एकेचाळीस ओळी मी जपून ठेवल्या आहेत. एखाद्या रविवारी कागद काढतो, पेन्सिलीला टोक करतो आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. अजून तेवढाच वेळ लागतो. उत्तर दर वेळी बरोबर येतं.