थोरलीचं कार्ड

सुभेदार धोंडीराम आहेर फौजेतून निवृत्त झाले असं लोक म्हणतात. खुद्द आहेरांना ते मान्य नाही. फौजेत ते टेबलामागे बसून नोंदी तपासायचे, आता नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात काचेमागे बसून नोंदी तपासतात. मधे बदलले ते फक्त कपडे. माजी सैनिक किंवा त्याच्या घरचं माणूस उपचाराला आलं की फौजेच्या आरोग्य योजनेचं कार्ड, दाखल करण्याची चिठ्ठी आणि समोरचं माणूस, ही तिन्ही एकमेकांची आहेत का ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. सांगड बसली तर बिल सरकारचं. नाही बसली तर तुमचं.

हे काम त्यांच्या हाडांत गेलंय. नातीच्या लग्नात अक्षता वाटायला म्हणून मांडवाच्या दारात उभं केलं, तर येईल त्याला "आपण कोणाकडून?" मुलाकडचे एक काका रुसून गाडीतच बसून राहिले. त्यांच्या मंडळी लताबाई सांगतात, "हे देवळात हात जोडायच्या आधी मूर्तीकडे असं निरखून बघतात, की देवालाही वाटावं, आपला फोटो जुना झाला वाटतं."

माझे सासरे तोफखान्यातले. त्यांना घेऊन आहेरांच्या खिडकीसमोरच्या बाकावर माझी नेहमीची हजेरी, म्हणून त्यांची रीत मला पाठ. हा माणूस तोंडानं 'नाही' कधी म्हणत नाही. कागद कमी पडला तर पाणी विचारतो. आणि काहीच होण्यासारखं नसलं तर चहा मागवतो. बाकावरच्या जुन्या मंडळींना हे ठाऊक असल्यामुळे तिथं चहाला कुणी खूश होत नाही. एकदा आहेरांनी सहज विचारलं, तर सासऱ्यांनी घाबरून हातच जोडले, "साहेब, मला शुगर आहे हो!"

उन्हाळ्यात एके दिवशी पेठ तालुक्याकडची मायलेकरं आली. हिरामण हा हवालदार म्हणून निवृत्त, आता सातपूरला एका कारखान्याच्या गेटवर. त्याची आई भागीबाई. तिच्या हृदयाची झडप निकामी झालेली. दारापासून खिडकीपर्यंत येताना दोनदा भिंत धरली. ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि डॉक्टरांचं 'लवकर' म्हणजे काय, ते हिरामणच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सरकारी दवाखान्यानं मुंबईत नंबर लावून दिला होता, पण तो पुढच्या वर्षातला. स्वतःच्या खिशातून करायचं तर घर विकूनही पुरत नव्हतं.

हिरामणनं टाचा जुळवल्या, "राम राम साब" म्हणाला आणि कार्ड काचेखालून सरकवलं.

आहेरांनी कार्ड बघितलं, म्हातारीला बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं.

"नाव काय, माय?"

"भागीबाई."

"कार्डावर तर चतुराबाई आहे. चिठ्ठीवरही."

"ती थोरली. होळीच्या आधी गेली. आता मीच."

"मीच म्हणजे?"

"तिचं समदं माझ्याकडं आलं ना," भागीबाई समजावून सांगायला लागली. "चूल आली, कोंबड्या आल्या, देवापुढं दिवा लावायचं आलं. तसं कार्ड बी आलं."

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. आहेर हसले नाहीत.

मग हिरामणनं उलगडा केला. चतुराबाईला मूल होईना, तेव्हा तिनंच आपल्या पाठच्या बहिणीला, म्हणजे भागीला, त्याच घरात सवत म्हणून आणलं. हिरामण भागीबाईच्या पोटचा. पण त्यांच्या घराची रीत अशी, की थोरली असेपर्यंत सगळ्या पोरांची आई तीच. आई म्हणून धाकटीचं नाव घेणं म्हणजे थोरलीचा अपमान. भरतीच्या रांगेत 'मां का नाम?' असं विचारल्यावर पोरानं छाती काढून थोरलीचं नाव सांगितलं. तेच सगळीकडे चढलं.

"अरे बाबा, नंतर तरी दुरुस्त करायचं!"

"थोरली जिती असताना कसं, साब? तिला काय वाटलं असतं?"

आहेर बराच वेळ कार्डाचा कोपरा टेबलावर आपटत राहिले. मग त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. काचेला तोंड लावून, एकेक शब्द सावकाश टाकत म्हणाले, "माय, नीट विचार कर. तू... चतुराबाईच... ना?"

अख्ख्या बाकाला कळलं. सगळे एकदम छताकडे बघायला लागले. सासरे उगाच खोकले. हिरामणनं आईचं कोपर दाबलं.

भागीबाईला मात्र साहेबांची दया आली. "तुम्हाला ऐकाया कमी येतं का, दादा? चतुरा माझी बहीण. मी तिचं नाव कशी लावू? कार्ड तिनं दिलं, नाव नाय दिलं."

आहेरांनी चहा मागवला.

"लय चांगला माणूस हाय," म्हातारी फुंकर मारत मुलाला म्हणाली. आम्ही बाकावरचे सगळे आपापल्या चपला बघत बसलो.

त्या दिवशी आहेर जेवले नाहीत. नोंद दुरुस्तीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. पंचायतीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, चतुराबाईच्या मृत्यूचा दाखला, सगळं जोडून फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं. उत्तर यायला पावसाळा सरला. तोवर हिरामण आईला पाठंगुळीला घेऊन यायला लागला होता. ती म्हणायची, "लहानपणी मी ह्याला पाठीवर आणायची, आता फेडतोय," आणि एवढं बोलूनही धापा टाकायची.

उत्तर आलं ते असं : नोंदीप्रमाणे आई असलेल्या चतुराबाई यांची या बदलास संमती, त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने, जोडावी. आहेरांनी कळवलं, त्या मयत आहेत, दाखला सोबत जोडलाच आहे. त्यावर पुन्हा तेच पत्र आलं. फक्त तारीख नवी.

ते दुसरं पत्र आलं त्या दिवशी मी बाकावर होतो. आहेरांनी ते वाचलं आणि उलटं करून ठेवलं.

"काय म्हणत्यात?" भागीबाईनं विचारलं.

आहेरांनी ते काचेखालून सरकवलं. वाचून हिरामणच म्हणाला, "थोरलीचा अंगठा पाहिजे म्हणत्यात."

म्हातारीनं थोडा विचार केला. थट्टा म्हणून नव्हे, अडचण म्हणून.

"अंगठ्याचं काय, घेते की मी. आता तिच्याकडंच चाललेय." दम खाऊन तिनं काचेकडे पाहिलं. "पर दादा, तो हिकडं पोचवायचा कुणी?"

आहेर चष्मा पुसत राहिले. मग हिरामण खाली बसला आणि आईनं त्याच्या गळ्यात हात टाकले.