जयगडचा जर्मन

जयगडच्या खाडीकाठी गंगारामला गंगाराम म्हणून हाक मारलीत, तर तो वळायचादेखील नाही. सगळी वाडी त्याला जर्मन म्हणते. घारे डोळे, गोरटेला रंग आणि होडीच्या इंजिनावर असा हात की बिघाड आधी त्याच्या कानाला कळतो, मग डोळ्यांना. फार पूर्वी एक जर्मन खलाशी तापाने फणफणून इथे उतरला, वाडीत राहिला, आणि पहिलं महायुद्ध लागताच सरकारने त्याला धरून नेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागे त्याचं मूल राहिलं, एवढंही ठाऊक होतं. ते कोणत्या घरात वाढलं, हे मात्र कुणी उघड बोलत नसे. गंगारामने तो मान परस्पर आपल्या घराकडे घेऊन टाकला होता. पाना हातात धरला की म्हणायचा, "ह्या आमच्या रक्तातच हाय."

दोन वर्षांपूर्वी आन्या नावाची जर्मन बाई आली. त्या खलाशाच्या भावाची ती पणती. तिकडच्या चर्चच्या नोंदवहीत खलाशाच्या नावापुढे लिहिलेलं तिला सापडलं होतं: मुलगी जनी, जयगड. बंदरावर नोकरीला असलेला केतन दुभाष्या झाला. 'जनी' ऐकताच गंगाराम ताडकन उठला. "जनी म्हंजे माजी आजी!"

बाईने त्याची थुंकी एका नळीत घेतली. तपासून खात्री होणार होती. शेजारचा धोंडू जाळं शिवता शिवता गंमत बघत बसला होता. काळाकभिन्न, कान पुढे आलेले, साधा नट उलटा पिळणारा माणूस. बाईकडे नळी शिल्लक होती. केतन मस्करीत म्हणाला, "धोंडूदादा, तू पन थुंक." धोंडू थुंकला.

उत्तर आलं तेव्हा केतनने ते तीनदा वाचलं. गंगाराम बाईचा कोणीच लागत नव्हता. धोंडू लागत होता.

वाडी हसून हसून लोळली. उलगडा केला धोंडूच्या नव्वदीतल्या हिरा आत्येने. "आमची आयस, धोंडूची आजी, माहेरची जनी. मामानं वाढवलान तिला. ह्या घरात दिलान तवा ताटातल्या तांदळात नाव लिहिला पारू. मग जनी कोन म्हननार?"

"मग इतकी वर्सं बोललीस का नाय?" गंगाराम चिडून म्हणाला.

"माला कोनी इचारला? आनि घारं डोळं काय, निम्म्या कोकनात हायत."

त्या दिवसापासून गंगारामला धोंडूचं सुख बघवेना. धोंडूला तिकडून लोकरीची टोपी आली. वैशाखात तो ती घालून जेट्टीवर फिरे आणि हा वाट बदलून जाई. खलाशाचा जुना फोटो आला. तेच पुढे आलेले कान. गंगारामने तो उलटासुलटा करून पाहिला आणि त्या कानांचाही त्याला हेवा वाटला. धोंडूच्या होडीचं इंजिन बंद पडलं तेव्हा लागणारा पार्ट ह्याच्या शेडमध्ये पडून होता, तरी म्हणाला, "मुंबईहून मागवायला लागेल, आठ दिवस." ऐन हंगामात धोंडू आठ दिवस घरी बसला, आणि वर ह्यालाच चहाला बोलवत राहिला. गंगाराम एकदाही गेला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे लोक त्याला अजूनही जर्मनच म्हणत, पण आता हसून.

शेवटी तो हिरा आत्येपुढे जाऊन बसला. "आत्ये, माजी आजी पन जनीच होती ना गो?"

"ती लग्नातली जनी. बुरोंडीची पोर. माहेरचा नाव काय तिचा?"

गंगारामला ते माहीत नव्हतं. बाप गेलेला, आई गेलेली. आजीच्या मांडीवर वाढलेल्या ह्या माणसाने तिला कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जयगडची खाडी, मग दाभोळची, दोन्हीकडे फेरीबोट धरून तो बुरोंडीला गेला. इंजिनाची धडधड कानात होती, तरी डोक्यात धोंडूच. जयगडला मुली दिलेलं घर विचारत विचारत आजीचं माहेर सापडलं. पडवीत भागोजी नावाचा म्हातारा बसला होता.

"कोनाचं तुमी?"

"जयगडच्या जनीचा नातू. तुमच्यातलीच ती."

भागोजीने बराच विचार केला. "आमच्यात जनी कोन नव्हती. जयगडला तीन पोरी दिलेल्या. ह्या घरातला नाव सांगा, म्हंजे कोनाची ता सांगतो."

गंगारामला तेच नाव तर हवं होतं. धोंडूला आपल्या आजीची दोन्ही नावं ठाऊक होती. त्या घटकेला त्याला धोंडूचा जो हेवा वाटला, तसा ना टोपीचा वाटला होता, ना त्या कानांचा.