व्हिएन्नाचं हसू
मोगऱ्याच्या अगरबत्तीचा वास आला की सौंसरच्या वकिलाची बैठक आठवते आणि माझं डोकं अजूनही तापतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्याच्या मेव्हण्याने व्हिएन्नाहून तिथल्या विनोदी संगीत नाटकाची कॅसेट आणली होती. नव्या व्हीसीआरला हार घालून अगरबत्ती लावलेली, आणि डॉक्टर, मास्तर सगळे कीर्तनाला बसल्यासारखे गंभीर. मी पांढुर्ण्याचा संत्र्यांचा दलाल, म्हणून मला दाराशी, चपलांजवळ जागा. पडद्यावर एक ढेरपोट्या उमराव मुखवट्यातल्या बाईला गाऊन गाऊन गळ घालत होता, आणि ती मधूनच मुखवटा सरकवून आमच्याकडे डोळे मिचकावत होती. ती तर आधीच्या प्रवेशात घरी दिसलेली त्याचीच बायको! मला हसू फुटलं. वकील खेकसला, "शेठ, हसून काऊन राहिले? हे शास्त्रीय गाणं आहे, तुमच्या बाजारातला तमाशा नाही." तेवढ्यात कॅसेटमधलं अख्खं थिएटर खदाखदा हसलं. मी उठलो, पुढच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो आणि म्हणालो, "वकीलसाहेब, आता त्या लोकायलेही चपलांपाशी बसवता का?" मग शेवटपर्यंत पोट धरून हसलो. त्याने पुन्हा कधी बोलावलं नाही. न बोलावो. हसू आलं तर मी आजही कोणाला विचारून हसत नाही.